बारावीनंतर बायोमेडिकल सायन्स: खान्देशातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

नीटचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कितीतरी घरांत एकच चर्चा सुरू होते. एमबीबीएसला नंबर लागत नाही, खासगीची फी झेपत नाही, आणखी एक वर्ष रिपीट करायची पोराची इच्छा नाही. मग कोणीतरी बीएस्सीचं नाव काढतं आणि ओट्यावर बसलेले काका विचारतात, "बीएस्सी करीसन काय करशी रे भो?" प्रश्न खवचट वाटतो, पण तो आधीच विचारलेला बरा. तीन वर्षांनी हातात पदवी घेऊन तोच प्रश्न स्वतःला विचारायची वेळ यायला नको.

या क्षेत्रात काम करायच्या जागा मुख्यतः तीन. एक, दवाखान्याची किंवा पॅथॉलॉजीची लॅब. दोन, औषधं आणि लसी बनवणारी कंपनी. तीन, संशोधन संस्था. तिन्हीकडे मायक्रोस्कोप आहे, तिन्हीकडे पांढरा कोट आहे, पण आत जायला तिन्हीकडे वेगळा कागद मागतात. आपल्याकडे मुलं कोर्सचं नाव बघून प्रवेश घेतात आणि हा कागदाचा मुद्दा शेवटच्या वर्षाला कळतो. म्हणून आधी जागा ठरवा, मग कोर्स. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: हे शिकायचं तरी काय असतं, आणि आपल्याकडे मिळतं कुठे

बायोमेडिकल सायन्स म्हणजे माणसाचं शरीर, त्यातले आजार आणि त्यांचं निदान-औषध यामागचं विज्ञान. शरीररचना, शरीरक्रिया, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, इम्युनॉलॉजी, जनुकशास्त्र, पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी आणि संख्याशास्त्र असे विषय त्यात येतात. हे शिकून डॉक्टर होत नाही. रुग्ण तपासता येत नाही, औषध लिहून देता येत नाही. पालकांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. बायोमेडिकल इंजिनीअरिंग हा तर आणखी वेगळा रस्ता आहे. तिथे व्हेंटिलेटर, ईसीजी, एमआरआय अशी यंत्रं बनवायची आणि सांभाळायची असतात.

'बीएस्सी बायोमेडिकल सायन्स' याच नावाची पदवी दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत आहे आणि तिथे प्रवेश सीयूईटी परीक्षेतून होतो. खान्देशात मात्र हेच विषय वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेले सापडतील. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी या बीएस्सी एका बाजूला, आणि बी. फार्म., बीएमएलटी, डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदवी आणि पदविका) दुसऱ्या बाजूला. जळगावचं मूळजी जेठा, अमळनेरचं प्रताप, धुळ्याचं घोगरे विज्ञान महाविद्यालय, शिरपूरचं आर. सी. पटेल ही त्यातली जुनी, नावाजलेली ठिकाणं. पदव्युत्तर शिक्षणासाठी जळगावला गिरणाकाठी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. १९९० साली ते सुरू झालं आणि त्याच्या स्कूल ऑफ लाइफ सायन्सेसमध्ये बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजीची एमएस्सी होते.

पदवीवर 'बायोमेडिकल' हा शब्द नाही म्हणून कुठे अडत नाही. दिल्लीहून बायोमेडिकल करून आलेली मुलगी आणि अमळनेरहून मायक्रोबायोलॉजी करून आलेला मुलगा एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेला शेजारी-शेजारी बसतात. पेपर एकच असतो.

दुसरी पायरी: बारावीतच एक निर्णय, गणित सोडायचं की ठेवायचं

आपल्याकडे 'डॉक्टर व्हायचंय ना, मग गणित कशाला' म्हणून अकरावीलाच गणित सोडायची पद्धत आहे. माझं मत उलटं आहे. झेपत असेल तर ठेवा. पुण्याच्या आयसरला (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था) जायचं तर आयएटी परीक्षेत जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित या चारही विषयांचे सारखेच प्रश्न असतात. एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम परीक्षा द्यायची झाली तर तिच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरातही बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र येतं. जीएटी-बी या परीक्षेचा पहिला भाग तर अख्खा बारावीच्या पातळीचा आहे. या परीक्षेतून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीवर चालणाऱ्या एमएस्सीच्या जागा भरतात आणि निवड झाली तर दरमहा विद्यावेतनही मिळतं.

गणित आधीच सुटलं असेल तर डोकं धरून बसू नका. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी बारावीचं सांख्यिकी, संभाव्यता आणि लॉगॅरिदम एवढं तरी स्वतः करून टाका. लॅबमध्ये रोज लागतं ते हेच. एक मोलर द्रावणातून पाच मिलिमोलर द्रावण कसं करायचं, हे ज्याला बोटांवर जमतं त्याच्याकडे सीनियर काम सोपवतात.

बीएस्सीला नीट लागत नाही, बहुतेक महाविद्यालयांत बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. बी. फार्म.साठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते आणि तिथे पीसीबी गट चालतो. नीटच्या नादात सीईटीचा फॉर्म भरायचा राहून जातो, तेवढं सांभाळा.

तिसरी पायरी: महाविद्यालय बघायला जाल तेव्हा

माहितीपत्रकातले फोटो राहू द्या, प्रयोगशाळेत जा. प्राध्यापक नाही म्हणत नाहीत, उलट कोणी विचारायला आलं याचंच त्यांना बरं वाटतं. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) चालू आहे की कोपऱ्यात धूळ खातंय? लॅमिनार फ्लोवर (जंतुविरहित हवेत काम करायचं टेबल) मुलं स्वतः हात लावतात की सर करतात आणि मुलं गोल करून बघतात? एका मायक्रोस्कोपमागे किती जण? विषयाचे कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? मागच्या दोन-तीन बॅचची मुलं आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाला नावानिशी उत्तर मिळालं तर ते महाविद्यालय चांगलं समजा. 'आमची मुलं सगळीकडे आहेत' असं उत्तर आलं तर आणखी एक महाविद्यालय बघून या.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता पदवी तीन वर्षांची किंवा चार वर्षांची अशी दोन्ही प्रकारे होते. चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्सचं असेल आणि गुण चांगले असतील तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे थेट पीएचडीला अर्ज करता येतो, त्यासाठी ७५ टक्के किंवा तेवढीच श्रेणी लागते. कागदावर हे छान आहे. पण ज्या महाविद्यालयात चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाला रसायनं मागवायला पैसे नाहीत, तिथे ते वर्ष काढण्यापेक्षा तीन वर्षांनी चांगल्या ठिकाणी दोन वर्षांची एमएस्सी केलेली बरी.

चौथी पायरी: पदवीची वर्षं कशी घालवायची

पहिल्या वर्षी हात बसवा. मायक्रोपिपेटचं बटण दाबताना दोन थांबे लागतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा आणि सोडताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून टोकातला शेवटचा थेंब बाहेर काढायचा. ओढतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलं की प्रमाण जास्त येतं आणि पुढचं सगळं गणित फिसकटतं. ग्रॅम स्टेनमध्ये अल्कोहोल दोन सेकंद जास्त राहिलं की जांभळे दिसायचे जीवाणू गुलाबी दिसतात. या गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात, हाताला बसायला एक सत्र जातं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचा धसका असतो. विज्ञानाचं इंग्रजी हे बोलायच्या इंग्रजीपेक्षा सोपं आहे, वाक्यं ठरावीक साच्याची असतात. रोज एका शोधनिबंधाचा फक्त सारांश वाचा. पबमेडवर ते फुकट मिळतात. अडलेला शब्द वहीत लिहायचा. एनपीटीईएल आणि स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानंही फुकट आहेत. वर्गात सर शिकवताना जे निसटलं ते तिथे तीनदा ऐकता येतं, आणि तीनदा विचारलं म्हणून कोणी हसत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात खान्देशाबाहेरची एक तरी प्रयोगशाळा आतून बघा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. निवड झाली की दोन महिने एखाद्या राष्ट्रीय संस्थेत काम आणि वर विद्यावेतन. अर्ज आधीच्या हिवाळ्यातच मागवतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत शिफारसपत्रासाठी सरांच्या मागे लागा. ते नाही जमलं तर थेट शास्त्रज्ञांना ईमेल करा. ईमेल चार ओळींचा हवा: मी कोण, तुमचं कोणतं काम वाचलं, मला काय शिकायचंय, कोणत्या तारखांना येऊ शकतो. 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी पॅशनेट' असं सुरू होणारं एकच पत्र पन्नास जणांना धाडलं की पन्नासही जण ते उघडत नाहीत.

तिसऱ्या वर्षी जागा ठरलेली हवी. आता एकेका जागेबद्दल.

दवाखान्याची लॅब

इथला कागद म्हणजे डीएमएलटी किंवा बीएमएलटी. नुसत्या बीएस्सी मायक्रोबायोलॉजीवर शासकीय रुग्णालयात तंत्रज्ञ होता येत नाही. जाहिरातीत बहुतेक वेळा विज्ञान पदवीसोबत डीएमएलटी मागतात आणि सोबत महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी. बीएस्सी झाल्यावर एक वर्षाची डीएमएलटी केलेल्यांना आरोग्य विभागाच्या 'प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी' पदासाठी अर्ज करता येतो. ज्याला लवकर कमावतं व्हायचं आहे, घरी धाकटी भावंडं आहेत, त्याच्यासाठी हा रस्ता सगळ्यात सरळ.

खान्देशात आता तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय जुनं, जळगावचं २०१८ मध्ये आणि नंदुरबारचं २०२० मध्ये सुरू झालं. त्यांच्या सोबत मोठी रुग्णालयं आणि मोठ्या लॅब आल्या. खासगी पॅथॉलॉजी लॅब तर प्रत्येक तालुक्याला आहेत.

काम कसं असतं ते थोडं जवळून सांगतो. सकाळी सातला उपाशीपोटी आलेल्यांची रांग असते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, ती सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायला. करड्या टोपणात फ्लोराइड, ती साखरेसाठी, कारण फ्लोराइड नसेल तर नळीतल्या रक्तपेशी साखर खात बसतात आणि आकडा खाली येतो. फिकट निळी सायट्रेटची, रक्त गोठायच्या तपासणीसाठी, आणि ती खुणेपर्यंत बरोबर भरावी लागते. शिरेतून रक्त जोरात ओढलं किंवा नळी खसाखसा हलवली की लाल पेशी फुटतात. पेशींमधलं पोटॅशियम सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पाण्यासारख्या भागात, उतरतं आणि ठणठणीत माणसाचा पोटॅशियमचा आकडा घाबरवणारा येतो. अनुभवी तंत्रज्ञ सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या नळीचा लालसर रंग बघूनच नमुना बाजूला ठेवतो आणि पुन्हा रक्त मागवतो. मशीन हे करत नाही. 'सगळं मशीनच करतं, यात काय शिकायचं' म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

नंदुरबारच्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात, सिकलसेल हा घरोघरीचा प्रश्न आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार व्हायची शक्यता चारात एक. गावात होणारी पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. बफरच्या नळीत थोडं रक्त टाकायचं, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. रेषा दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेषा झाकल्या तर आहे. पण एवढ्यावर तो माणूस वाहक आहे की रुग्ण हे कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. तान्ह्या बाळात तर ही चाचणी फसवते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं, उद्दिष्ट २०४७ चं आहे. म्हणजे तपासणारी माणसं बराच काळ लागणार. त्यात पावरी किंवा भिलोरी बोलणारा, पाड्यावर जाऊन 'लग्नाआधी दोघांचं रक्त बघून घ्या' हे घरच्यासारखं सांगू शकणारा लॅबवाला मिळाला तर त्याची किंमत शहरातल्या पदवीपेक्षा जास्त आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. अडचणही सांगतो: अशा योजनांमधली पदं बऱ्याचदा कंत्राटी असतात, अकरा-अकरा महिन्यांची.

आणि एक गोष्ट. 'डीएमएलटी करून स्वतःची लॅब टाकू' हे स्वप्न बघणारे पुष्कळ आहेत. तपासणीचा अहवाल पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच सही करून द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे पॅथॉलॉजिस्ट सोबत नसताना लॅबचा बोर्ड लावण्याआधी वकिलाला विचारा. कर्ज काढून मशीन घेतल्यावर विचारून उपयोग नाही.

औषधं आणि लसींची कंपनी

जळगाव-धुळ्यात औषध कंपन्या फारशा नाहीत, हे आधी मान्य करू. नोकरीसाठी छत्रपती संभाजीनगरचं वाळूज, नाशिक, पुणे, नाहीतर तापी लाइनने गुजरातेत अंकलेश्वर, वापी. नंदुरबारच्या पोराला पुण्यापेक्षा अंकलेश्वर जवळ पडतं आणि गुजराती त्याला बाजारातच येऊन गेलेली असते. पुण्यात हडपसरला १९६६ पासूनची सीरम इन्स्टिट्यूट आहे, लसींमध्ये काम करायचं तर तिचं नाव आधी येतं.

इथे बी. फार्म., एम. फार्म. आणि एमएस्सीला पसंती, पण बीएस्सी मायक्रोबायोलॉजीवाल्यालाही गुणवत्ता नियंत्रण विभागात शिरता येतं. मुलाखतीत काय विचारतात? सीजीपीएची चौकशी कमी, काम येतं का याची जास्त. स्टेरिलिटी टेस्ट, म्हणजे औषधात जंतू नाहीत ना याची तपासणी, किती दिवस ठेवता? चौदा. कोणती माध्यमं, कोणतं तापमान? फ्लुइड थायोग्लायकोलेट ३० ते ३५ अंशांवर, सोयाबीन-केसीन २० ते २५ वर. ऑटोक्लेव्ह नीट झालं हे कशावरून? जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची पट्टी आत ठेवून, नंतर तिच्यातून काही वाढत नाही हे बघून. एंडोटॉक्सिन (जीवाणूंच्या आवरणातलं विष) कशाने तपासता? हॉर्सशू खेकड्याच्या रक्तापासून केलेल्या एलएएलने. एवढं ज्याला 'का' सकट सांगता येतं त्याला पुढच्या फेरीत बोलावतात.

कंपनीत पहिलं वर्ष कागदात जातं. केलेलं प्रत्येक काम त्याच वेळी, निळ्या किंवा काळ्या शाईने, सही-तारखेसह लिहायचं. चूक झाली तर एक रेघ मारून सही करायची, व्हाइटनर चालत नाही. नंतर आठवून भरलेला आकडा पकडला गेला तर नोकरी जाते. शिफ्ट असते, रात्रपाळीही असते. मुलींना कित्येक ठिकाणी रात्रपाळीला ठेवत नाहीत, काही ठिकाणी ठेवतात आणि ने-आणीची गाडी असते. मुलाखतीतच हे विचारून घ्या, त्यात संकोच कसला.

याच रस्त्याच्या फांद्या म्हणजे क्लिनिकल रिसर्च, फार्माकोव्हिजिलन्स, मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना ठरलेले संकेतांक देणं). औषधाच्या चाचण्यांमध्ये रुग्णालयात बसून नोंदी सांभाळणारा समन्वयक लागतो. औषधाचे दुष्परिणाम नोंदवणाऱ्या, म्हणजे फार्माकोव्हिजिलन्सच्या, टीम पुणे-मुंबई-हैदराबादच्या ऑफिसांत बसतात. इंग्रजी लिहिणं चांगलं असेल तर इथे लवकर जम बसतो. यासाठी भरमसाट फीचे सहा महिन्यांचे कोर्स विकले जातात. त्यातलं मुख्य जे गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, त्याचं प्रमाणपत्र ऑनलाइन फुकट मिळतं. आधी ते करा, आवडतंय का बघा, मग पैसे खर्चायचा विचार.

संशोधन संस्था

सगळ्यात लांबचा आणि, ज्याला वेड आहे त्याच्यासाठी, सगळ्यात सुंदर रस्ता. क्रम असा: बीएस्सी, एमएस्सी, नेट, पीएचडी. सीएसआयआर-यूजीसी नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. भाग अ सामान्य बुद्धिमत्तेचा, ब विषयाचा, आणि क मध्ये प्रयोगाची आकडेवारी देऊन निष्कर्ष विचारतात. क मधल्या ७५ पैकी २५ च प्रश्न सोडवायचे असतात, त्यामुळे सोडायचे कोणते हे कळणं हीच अर्धी तयारी. पाठांतरावर ब भाग निघतो, क निघत नाही. क साठी एमएस्सीच्या दोन वर्षांत शोधनिबंधांमधले आलेख वाचायची सवय लागते. ओळ वाचायच्या आधी आलेख बघायचा आणि स्वतः निष्कर्ष काढायचा, मग लेखकाचा ताडून बघायचा.

नेटमधून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी एसआरएफचे (सीनियर फेलोशिप) ४२,०००. हे दर २०२३ पासूनचे आहेत. जेआरएफ नाही पण समाजघटकाप्रमाणे पात्र असाल तर बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं लागतं, त्या वेळेवर निघतातच असं नाही.

जायचं कुठे? मुंबईत परळला १८९९ सालची हाफकिन संस्था आहे. प्लेगच्या साथीच्या काळात वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ती सुरू केली. तिथेच केईएमच्या आवारात रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर काम करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. सिकलसेलवर संशोधन करायचं तर हा पत्ता लक्षात ठेवा. खारघरला टाटांचं कर्करोग संशोधन केंद्र. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था, पेशीविज्ञानाची एनसीसीएस, आघारकर संस्था, आयसर.

घरच्यांना मात्र वर्षं खरी सांगा. पदवीपासून पीएचडीपर्यंत दहा वर्षं सहज जातात. तिशीला टेकता-टेकता पहिली कायम नोकरी, तीही मिळाली तर. बहीण-भावाचं लग्न, कापसाचा भाव, बापाचं वय हे सगळं या हिशोबात धरावं लागतं. मुलींच्या बाबतीत तर 'अजून किती शिकणार' हा प्रश्न एमएस्सीच्या पहिल्याच दिवाळीला येतो. जेआरएफचं पहिलं विद्यावेतन घरी दाखवलं की तो प्रश्न बराच मवाळ होतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. पीएचडीनंतर प्राध्यापकीच करायची असेल तर आपल्याकडे कायम जागांच्या जाहिराती तुरळक आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे नेट-सेट-पीएचडीधारक पुष्कळ, हेही डोळ्यांसमोर ठेवा. म्हणून पीएचडी करताना कंपनीत चालेल असं एखादं तंत्र हातात असू द्या: फ्लो सायटोमेट्री, मास स्पेक्ट्रोमेट्री, किंवा संगणकावर जनुकीय माहिती तपासणं.

स्पर्धा परीक्षा आणि परदेश, थोडक्यात

अन्न सुरक्षा अधिकारी या पदाला बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजीची पदवी चालते. हे कितीतरी मुलांना माहीतच नसतं आणि ती सरसकट पीएसआय-एसटीआयच्या रांगेत उभी राहतात. औषध निरीक्षकाला मात्र फार्मसीची पदवी हवी, बीएस्सी चालत नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या जागाही निघतात, त्यांची विभागीय लॅब आपल्याला जवळची म्हणजे नाशिकची.

ब्रिटनमध्ये 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे कायद्याने राखलेलं पदनाम आहे, एचसीपीसी या तिथल्या आरोग्य व्यवसायांच्या परिषदेची नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. म्हणून तिथली एमएस्सी करायला वीस-तीस लाखांचं कर्ज काढण्याआधी तो कोर्स नोंदणीपर्यंत नेतो का हे विद्यापीठाला लेखी विचारा. आखातात लॅब तंत्रज्ञांना मागणी असते, तिथे कागदपत्रांची पडताळणी आणि परीक्षा असते, आणि अनुभव मागतात.

फसवणूक कुठे होते

दोन ठिकाणी. पहिलं, दुकानाच्या वरच्या मजल्यावर चालणारी डीएमएलटी. फी भरण्याआधी एकच प्रश्न: इथून पास झालेल्याची परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचं नोंदणीपत्र दाखवा. 'प्रक्रिया सुरू आहे' म्हणाले तर चहा पिऊन निघा. दुसरं, 'गॅरंटीड प्लेसमेंट' म्हणून नोकरीआधी पैसे मागणारे एजंट. कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, कितीही मोठ्या शहराचं लेटरहेड असलं तरी.

कागदपत्रं

सगळ्यात कंटाळवाणी पायरी, पण ऐनवेळी मुलं अडतात ती इथेच. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. अनुसूचित जमातीच्या मुलांना वसतिगृह मिळालं नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, अनुसूचित जातीच्या मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, दोन्हींतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४ पासून माफ आहे. बी. फार्म.ला याचा मोठा फायदा होतो. साध्या बीएस्सीला ही सवलत गृहीत धरू नका, महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारा.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच टाका. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुने महसुली कागद हे शोधण्यात महिने जातात आणि गावातली शाळा उन्हाळ्यात बंद असते. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघून घ्या. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खातं या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. एकीकडे 'सुरेश भाऊराव पाटील' आणि दुसरीकडे 'पाटील सुरेश भाउराव' असेल तर शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात. ते दुरुस्त करायला तहसीलचे तीन-चार हेलपाटे पडतात, त्यामुळे हे काम दहावीचा निकाल लागला त्याच महिन्यात उरकलेलं चांगलं.